मस्कतच्या घड्याळातला चंद्र

प्रतिभाच्या घरात तीन घड्याळं होती आणि तिन्हींचं एकमेकांशी कधी पटलं नाही.

भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पुढे ठेवलेलं. घर फुलवाल्यांचं. मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू आणि शेवंती पहाटे बाजारात पोचली नाही तर दुपारी ती गुरांपुढे टाकायची वेळ येते, म्हणून सासऱ्यांच्या काळापासून ते घड्याळ पुढे पळत आलंय. घरातला जो तो त्याच्याकडे बघतो आणि मनातल्या मनात थोडी वजाबाकी करतो. दुसरं मोबाइलमधलं, त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. तिसरं घड्याळ मे महिन्यात घरात आलं, लॅपटॉपच्या पोटात बसून, थेट मस्कतहून.

प्रतिभाचा धाकटा भाऊ कुंदन मस्कतला एका गोदामात नोकरीला आहे. सुट्टीवर आला तेव्हा त्याने आपला जुना लॅपटॉप बहिणीला दिला. "ताई, तू फुलांचे फोटो टाकतेस, भाव टाकतेस, मोबाइलवर किती डोळे फोडून घेशील?" म्हणाला. जाताना त्याने त्यात पंचांगाचं एक सॉफ्टवेअर घालून दिलं. गावाचं नाव टाकायचं, तारीख टाकायची, की तिथी, नक्षत्र, सूर्योदय, चंद्रोदय सगळं मिनिटांसकट समोर. प्रतिभाला त्या सगळ्यातलं एकच हवं होतं. संकष्टीचा चंद्रोदय.

कारण संकष्टी हा तिच्या घरचा मोठा दिवस. त्या दिवशी दूर्वांच्या जुड्या आणि लाल फुलं एवढी जातात की सासूबाई कलाबाई आदल्या दुपारपासून मांडी घालून जुड्या बांधत बसतात. फुलं नेणाऱ्या बायकांचा प्रतिभाने मोबाइलवर एक ग्रुप केला होता. त्यावर ती सकाळी भाव टाकायची आणि खाली चंद्रोदयाची वेळ. वेळ सांगायचे पैसे थोडेच पडतात, पण बायकांना तेवढीच आपुलकी वाटते. आधी ती भिंतीवरच्या कॅलेंडरमधली वेळ टाकायची. त्यात वेळ मुंबईची असे, मग कोणीतरी विचारायचं, "नाशिकची किती?" आणि प्रतिभा गप्प बसायची. आता तिच्याकडे खास नाशिकची वेळ होती. प्रतिभा बी.ए. झालेली, तेही भूगोल घेऊन. नाशिकचे अक्षांश-रेखांश पडद्यावर आपोआप उमटलेले पाहून तिला कॉलेजचे दिवस आठवले होते.

फक्त त्या लॅपटॉपचं घड्याळ मागे पडायचं. थोडंथोडकं नाही, चांगलं दीड तास. प्रतिभा ते हाताने बरोबर करायची. इंटरनेट जोडलं की ते पुन्हा दीड तास मागे. तिने पुन्हा बरोबर करावं, त्याने पुन्हा मागे जावं. माहेरी असं एक आडमुठं वासरू होतं, दावणीला बांधून पाठ फिरवली की सुटायचं, त्याची तिला आठवण झाली.

शेवटी ती पंचवटीत गोरक्षकडे लॅपटॉप घेऊन गेली. गोरक्षचं दुरुस्तीचं छोटं दुकान. त्याने मागचं झाकण उघडलं, बटणाएवढा सेल बदलला आणि म्हणाला, "झालं वहिनी. सेल गेला की घड्याळ मागे पडतंच."

घरी येऊन इंटरनेट जोडलं. दीड तास मागे.

दुसऱ्या खेपेला गोरक्षने डोकं खाजवलं, इकडेतिकडे दाबलं आणि एक बटण बंद केलं. "हे आपोआप वेळ घेतं ना, तेच बंद केलं. आता तुम्ही लावाल तीच वेळ राहणार. बघा कसं जातंय मागे!"

आणि खरंच, त्यानंतर ते गेलं नाही. वेळ लावायच्या त्या पडद्यावर खाली आणखी एक ओळ होती, तिच्यात अबू धाबी, मस्कत अशी नावं लिहिलेली होती. ती प्रतिभाने वाचलीही होती. लॅपटॉप तिकडे घेतलेला, म्हणून तिकडच्या दुकानाचं गाव असेल, एवढाच तिने अर्थ लावला. शर्टाच्या आत नाही का लिहिलेलं असतं, कुठे शिवला ते.

आता या सगळ्यात चंद्रोदयाची वेळ एवढी मोलाची का, ते सांगायला हवं.

प्रतिभाला एकुलती एक मुलगी, सायली. निफाडला दिलेली, जावई रविराज, द्राक्षबागवाले, माणसं चांगली. पण सायलीचं दोनदा पोट पडलं. दुसऱ्या वेळी ती दवाखान्यातून माहेरी आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. प्रतिभा तिच्या पायाशी बसून नुसती तिचे पाय चेपत राहायची. काळजी करण्यात प्रतिभाचा हात कोणी धरला नसता. लेकीने फोन लगेच उचलला नाही तर ही चपला शोधायला लागायची. पण त्या दिवसांत तिची काळजीसुद्धा बधिर झाली होती. तेव्हा एका सकाळी कलाबाई देव्हाऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि मोठ्याने, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "गणपतीबाप्पा, माझ्या नातीची कूस उजव. एकवीस संकष्ट्या करीन. चंद्र उगवल्याबिगर घास घेणार नाय. चहा-पाणी तेवढं घेईन."

म्हाताऱ्या माणसाचा नवस, आणि अंगात साखर. डॉक्टर चिडले. पण कलाबाईंनी डॉक्टरांना सांगितलं, "तुमचं तुम्ही करा, माझं मी करते." दर संकष्टीला रात्री जेवायची वेळ होईपर्यंत त्यांना घाम फुटायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. प्रतिभा हातात साखरेची वाटी घेऊन मागे-मागे फिरायची आणि कलाबाई ती वाटी बघायच्यासुद्धा नाहीत. असं वर्ष गेलं आणि सायलीला दिवस राहिले. या वेळी तिसरा महिना सरला, चौथा सरला. प्रतिभा कोणाला सांगायलाही घाबरायची.

लॅपटॉपमधली पहिली वेळ तिने ज्येष्ठातल्या संकष्टीला ग्रुपवर टाकली. शेजारच्या धोंडाबाईंनी कुंपणावरून हाक मारली.

"अगं प्रतिभा, कॅलेंडरात तर लय उशिराची वेळ दिलीय!"

"मावशी, कॅलेंडरातली मुंबईची. ही आपली नाशिकची."

"एवढा फरक पडतो?"

प्रतिभा जराशी अडखळली. मग म्हणाली, "रेखांश वेगळे असतात."

धोंडाबाईंनी विचार केला. "बरोबर. तिथं बिल्डिंगी किती! त्यांना चंद्र वर आल्यावरच दिसत असंल."

एका रेखांशाला चार मिनिटं, हे प्रतिभाने परीक्षेत लिहिलेलं होतं. मुंबई आणि नाशिकमध्ये जेमतेम एका रेखांशाचं अंतर, हेही तिला माहीत होतं. पण दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं तिला सुचलं नाही. आणि दिवसभर उपाशी असलेल्या बाईला जेवायची वेळ लवकर येतेय असं कळल्यावर ती कशाला भांडेल? आभाळ भरलेलं. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, चारही महिने चतुर्थीला चंद्राचं नख दिसलं नाही. ढग असले की वेळेवर भरवसा ठेवायचा, त्या दिशेला अर्घ्य द्यायचं आणि उपास सोडायचा, ही जुनीच रीत. गणपतीच्या देवळातली आरती मात्र उशिरा व्हायची, पण ते पुजारीबुवा गर्दी जमायची वाट बघत असणार.

आणि कलाबाईंची चक्कर थांबली. श्रावणात डॉक्टर म्हणाले, "आजी, आता बरं दिसतंय, उपास सोडले वाटतं?" कलाबाई ताठ मानेने म्हणाल्या, "सोडीन कशाला? त्यानंच माझी चक्कर घालवली." तो म्हणजे गणपती. प्रतिभानेही मनातल्या मनात त्याला हात जोडले.

दसरा झाला आणि सायली बाळंतपणासाठी माहेरी आली. आश्विनातली संकष्टी आली तेव्हा आभाळ घासूनपुसून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं. कलाबाईंची ही विसावी संकष्टी. प्रतिभाने सकाळीच वेळ टाकली होती, सात वाजून चार मिनिटं. सगळ्या गच्चीवर जमल्या. पाट, तांब्या, दूर्वा, झाकलेले मोदक. धोंडाबाईही आपलं ताट घेऊन आल्या, आमच्या गच्चीवरून झाडं आड येतात म्हणाल्या. सायली खुर्चीवर पाय पसरून बसली होती.

सात वाजून गेले. पूर्वेला म्हसरूळच्या बाजूचा डोंगर काळा दिसत होता आणि त्याच्यावर चांदण्या होत्या. चंद्र नव्हता.

"डोंगराआड असेल," प्रतिभा म्हणाली.

सगळ्यांनी डोंगराकडे बघितलं. डोंगर काही बोलला नाही.

"डोंगर काय एवढा उंच हाय का?" थोड्या वेळाने धोंडाबाई म्हणाल्या. "प्रतिभा, तुझ्या कॉम्प्युटरनं चंद्र गिळला की काय गं?"

"मावशी, येईल हो. मागचे चार महिने बरोबर येत होता."

"दिसला कोणाला व्हता मागं?"

हे वाक्य धोंडाबाईंनी सहज टाकलं आणि मोदकांवरची माशी हाकलली. प्रतिभा मात्र मनातल्या मनात मागचे चार महिने आठवायला लागली.

सायलीने मोबाइलवर बोटं फिरवली. "आई, इथे तर आठ चौतीस दाखवतंय."

"ते मुंबईचं असेल."

"नाशिक लिहिलंय."

"मग तुझ्या मोबाइलचं काहीतरी चुकलंय. लॅपटॉपमध्ये अक्षांश-रेखांशासकट आहे."

"आई, दीड तासाचा फरक आहे. चुकलं तरी एवढं कसं चुकेल?"

कलाबाई पाण्याच्या टाकीला टेकून उभ्या होत्या, पदराने कपाळ पुसत होत्या. गेले चार महिने त्यांचा जीव लवकर जेवायला सवकला होता. त्या हळूच खाली बसल्या. प्रतिभा धावत जाऊन मुठीत साखर घेऊन आली.

"आत्याबाई, एवढी तोंडात टाका. वेळ होऊन गेलीय, उपास मोडत नाही."

"आभाळ उघडं हाय. उघड्या आभाळाला चंद्र दिसल्याबिगर नाय."

"अहो पण..."

"मूठ मिट तुझी."

प्रतिभा मूठ मिटून उभी राहिली. साखर तळहाताला चिकटली. एकीकडे कलाबाईंचा पांढरा पडलेला चेहरा, दुसरीकडे सायलीचं पोट, आणि समोर तो डोंगर. लॅपटॉप खोटं बोलतो की मोबाइल, चंद्र उशीर करतो की आपण लवकर आलो, तिला काहीच कळेना. मग डोंगराच्या कडेला उजळलं आणि कुरतडलेल्या भाकरीसारखा चंद्र वर आला. मोबाइलने सांगितलेल्या वेळेनंतर थोडासाच. कलाबाईंनी अर्घ्य दिलं, मोदकाचा तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ डोळे मिटून बसल्या. खाली उतरताना म्हणाल्या, "आज चंद्राला उशीर झाला."

धोंडाबाई म्हणाल्या, "व्हय, आजच."

दुसऱ्या दिवशी बाजारातून फुलांची पाटी रिकामी होऊन आली तरी प्रतिभा लॅपटॉपसमोर बसलेली होती. तिने पुन्हा पुन्हा गावाचं नाव घालून पाहिलं. नाशिक. सात वाजून चार मिनिटं. तिने कुंदनला फोन लावला.

"लॅपटॉप बरोबरच सांगतोय, ताई," कुंदन सगळं ऐकून म्हणाला. "तुमच्याकडे साडेआठला चंद्र उगवला, तेव्हा माझ्या इथल्या घड्याळात सात वाजले होते. तो मस्कतची वेळ सांगतोय."

"मस्कतच्या चंद्राची?"

"नाही गं. चंद्र नाशिकचाच. वेळ मस्कतच्या घड्याळातली."

"पण घड्याळ तर मी बरोबर करून घेतलंय. आत्ता दहा वाजलेत, तो दहाच दाखवतोय."

"काटे तू फिरवलेस. पण त्याला वाटतंय तो अजून मस्कतमध्येच बसलाय. म्हणून तो इंटरनेटला विचारून तुझं घड्याळ मागे न्यायचा. तो चुकत नव्हता, प्रामाणिकपणे मस्कतची वेळ लावत होता. त्या गोरक्षने त्याचं तोंड बंद केलं. टाइम झोन बदलायला हवा होता, वेळ नाही. वेळेच्या खाली एक ओळ दिसतेय का?"

"अबू धाबी, मस्कत."

"तीच. ती दाब. यादी येईल, त्यात आपला देश निवड."

यादी आली. जगातली कुठली कुठली गावं. प्रतिभा बोट लावून खाली खाली गेली. "चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली. अरे, नाशिक नाहीये यात!"

"मुंबई आहे ना? तेच दाब."

"मग चंद्र मुंबईचा नाही का होणार?"

कुंदन तिकडे हसायला लागला. हिला हसू येईना. चार महिने तिने सगळ्या बायकांना सांगितलं होतं की मुंबईची वेळ वेगळी आणि आपली वेगळी. तिने डोळे मिटून ती ओळ दाबली. लॅपटॉपचं घड्याळ टुणकन दीड तास पुढे गेलं.

"कुंदन! आता तर साडेअकरा वाजले!"

"घाबरू नकोस. गोरक्षने बंद केलेलं बटण चालू कर."

तिने ते चालू केलं. घड्याळ दहावर येऊन उभं राहिलं, मोबाइलशी जुळलं. चंद्रोदय आठ चौतीस. प्रतिभाला वाटलं, आता बरं वाटायला हवं. पण मग तिने तारीख मागे नेली. भाद्रपद. श्रावण. आषाढ. ज्येष्ठ. चारही वेळा कलाबाईंनी घास घेतला तेव्हा चंद्र डोंगराच्या पार पलीकडे होता.

सायली दारात उभी राहून ऐकत होती. "आई, आजीला सांगायचं नाही."

"अगं पण नवस..."

"सांगितलंस तर ती पहिल्यापासून एकवीस करेल. काल बघितलीस ना तिची अवस्था? लवकर जेवली म्हणून चार महिने बरी होती ती. माहीत नाही तेच बरं."

पटण्यासारखं होतं. प्रतिभाने मान डोलावली आणि स्वयंपाकघरात गेली. भाजी चिरताना तिच्या मनात आलं, नवस सायलीसाठी आहे. सायलीला नववा लागायचाय. मोडलेल्या नवसावर पोर जन्माला यायचं आणि उद्या काही कमीजास्त झालं, तर मी आयुष्यभर काय म्हणू? मग दुसरं मन म्हणालं, चार महिने मोडलेला नवस चालत होता आणि पोटातलं पोर तर मजेत वाढत होतं, ते कसं? आणि सांगितलं, म्हातारी पुन्हा उपाशी राहिली आणि तिचंच काही झालं तर? तिने मीठ दोनदा घातलं. नवरा ज्ञानेश जेवताना म्हणाला, "भाजी आज समुद्रातली आहे का?" तिने त्यालाही सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दीड तासात काय एवढं?" त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

पण ग्रुपवर वेळेची दुरुस्ती तर टाकायला हवी होती. तिने जपून जपून लिहिलं, की इतके दिवस लॅपटॉप मस्कतच्या घड्याळाने चालत होता. पहिलं उत्तर धोंडाबाईंचं आलं, तेही कुंपणावरून.

"म्हंजी चार महिने आमचे उपास तुझ्या भावानं मस्कतात सोडायला लावले?"

ओसरीवर कलाबाई जुड्या बांधत होत्या. त्यांचे हात थांबले.

"काय म्हणती धोंडा?"

आता प्रतिभाला पळायला जागा नव्हती. ती कलाबाईंसमोर बसली आणि सगळं सांगितलं. लॅपटॉप, सेल, बटण, खालची ओळ. सांगता सांगता तिचं तिलाच पुन्हा कळेनासं झालं की घड्याळ बरोबर असताना वेळ चूक कशी होती. कलाबाईंनी त्यातलं नेमकं तेवढं घेतलं.

"चारी येळा?"

"हो."

"माझ्या तोंडात मोदक व्हता अन् चंद्र उगवलाच नव्हता."

प्रतिभा खाली मान घालून बसली. कलाबाई दूर्वेची एक काडी बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. "बी.ए. झालेली सून केली म्या," त्या म्हणाल्या आणि पुढची जुडी बांधायला घेतली. ते जास्त लागलं.

सायली आतून आली, पोटावर हात धरून. "आजी, मी सांगते तुला. चंद्र पूर्वेकडे आधी उगवतो. तू मोदक खाल्लास तेव्हा तो ब्रह्मदेशात उगवलेला होता. उगवला होता ना कुठेतरी? मग झालं!"

"मी काय ब्रह्मदेशात ऱ्हाते का?"

"तसं नाही गं..."

"माझा चंद्र म्हसरूळच्या डोंगरावरनं येतो. तो आला नव्हता. चार संकष्ट्या पुन्ना करीन. नव्या."

"सगळ्या एकवीस नाही ना?" प्रतिभाने घाबरत विचारलं.

"बाकीच्या तर नीट झाल्या. चारच गेल्या ना तुझ्या मशिनीत? चारच करीन."

"त्या चार मी करते. चूक माझी आहे."

"नवस कोण बोललं व्हतं? तू?"

प्रतिभाने हात टेकले. पण सायली हटली नाही. खाली बसवत नव्हतं तरी कलाबाईंच्या शेजारी बसली. "ठीक आहे, कर. पण दुपारी दूध आणि केळं घ्यायचं, आणि गोळ्यांचं डॉक्टर सांगतील तसं करायचं. नाहीतर संकष्टीला मीही नाही जेवणार."

"पोटुशी बाई उपाशी ऱ्हाते का कुठं!"

"म्हातारी बाई राहते, तशी."

"प्रतिभा, बघ तुझी पोर कशी बोलती!"

"तुमच्यावर गेलीय," प्रतिभा म्हणून गेली. मग कलाबाई दूर्वांकडे बघत म्हणाल्या, "दूध घेईन. केळ्याचं बघू."

कार्तिकातली संकष्टी दुधावर पार पडली. कलाबाईंच्या मोजणीत ती एकविसावी. आता राहिल्या त्या नव्या चार. सायलीचे दिवस मार्गशीर्षात भरत होते, आणि प्रतिभाच्या डोक्यात एकच हिशेब फिरायचा. पोर आधी येणार, नवस मागून फिटणार. असं चालतं का? तिने देवळातल्या पुजारीबुवांना विचारलं. ते म्हणाले, चालतं. घरी येईपर्यंत तिला वाटायला लागलं की त्यांनी नीट ऐकलंच नाही. रोज सायली झोपली की ही दारातून तिच्या श्वासाचा आवाज ऐकायची.

मार्गशीर्षातल्या संकष्टीला नव्या चारांतली पहिली झाली. दोनच दिवसांनी सायलीला कळा लागल्या. प्रतिभा दवाखान्याच्या बाकावर बसून कधी गणपतीला हाक मारत होती, कधी त्याच्याशी भांडत होती. चूक माझी आहे, तिच्यावर काढू नकोस, एवढंच वाक्य ती फिरवून फिरवून म्हणत होती. मग आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी. दोघीही सुखरूप. रविराज निफाडहून धापा टाकत पोचला आणि सासूच्या पाया पडायला वाकला. ही उठून उभी राहिली आणि तिला रडू आवरेना.

"वेळ किती लिहायची?" नर्सने विचारलं.

रविराजच्या मनगटावर एक वेळ होती, दवाखान्याच्या भिंतीवर एक. प्रतिभाने घाईघाईने मोबाइल काढला.

शेजारच्या बाकावरून कलाबाई म्हणाल्या, "खालची ओळ बघून घे आधी."

पौषातली संकष्टी आली तेव्हा गच्चीवर कडाक्याची थंडी होती. कलाबाई शाल गुंडाळून पाटावर बसल्या होत्या. ही नव्यातली दुसरी, अजून दोन बाकी. दुपारी त्यांनी दूध घेतलं होतं, आणि कोणी बघत नाही असं समजून अर्धं केळंही. खाली बाळ कुरकुरत होतं, सायली काहीतरी गुणगुणत होती.

"आत्याबाई," प्रतिभाने न राहवून विचारलं, "बाळ तर चांगलं झालं. मग त्या चार संकष्ट्या गणपतीने धरल्या की नाही धरल्या?"

"बी.ए. झालेलीला कळंना, मला कुठनं कळणार?"

"मग आता या कशासाठी करायच्या?"

कलाबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, जसं दूर्वा निवडताना मध्ये गवत आलं की बघतात. "बोलले हाय ना मी," त्या म्हणाल्या आणि डोंगराकडे तोंड केलं.

सकाळी टाकलेली वेळ झाली. लॅपटॉपची आणि मोबाइलची तीच. भिंतीवरचं घड्याळ केव्हाच पुढे निघून गेलेलं. आणि डोंगरावर काहीच नव्हतं. प्रतिभाला माहीत होतं की डोंगर मध्ये आहे, त्यामुळे चंद्राला वर यायला थोडा वेळ लागतो. दर वेळी लागतो. तरीसुद्धा तिने मोबाइल बघितला, डोंगर बघितला, पुन्हा मोबाइल बघितला.

"आई, आला का?" खालून सायलीने विचारलं.

"येईल!" प्रतिभा ओरडली आणि कठड्याला धरून आणखी पुढे वाकली.

"मागं हो," कलाबाई म्हणाल्या. "तू वाकल्यानं लवकर यायचा नाय."

मग डोंगराची कड पिवळसर झाली.